सूत्रधाराची टपालपेटी : राक्षस अहिराणीच का बोलतात?

गेल्या अंकात मी टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांवर दोन पानं खरडली आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच माझ्या दारात आणून टाकला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार, पोरं त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, ‘समोर दार आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय.’ खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला, तिथून हे खूळ जगभर गेलं.

माझं म्हणाल तर दिवसा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खातं आणि संध्याकाळी हौशी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेसाठी साईखेडकर नाट्यगृहाच्या रंगमंचावर नऊ वेळा उभा राहिलो, त्यातल्या सात वेळा खलनायक. माझ्या भुवया त्याला कारण असाव्यात. २०१७ साली भाची पुण्याहून सुट्टीला आली ती फाशांची पिशवी घेऊनच. तेव्हापासून मखमलाबाद नाक्यावरच्या आमच्या गच्चीवर दर रविवारी दुपारी डाव बसतो. बायको पोह्यांचं पातेलं ठेवते, ‘चालू द्या तुमचं राक्षसपुराण’ म्हणते आणि खाली जाऊन झोपते.

आता पत्रं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, डीएम मी. चार महिने खपून एक खलनायक तयार केला. काळा झगा, लाल डोळे, त्याला सगळं जग राख करायचंय. त्याचा चार पानी इतिहास लिहिला. शेवटच्या लढाईत तो बोलायला लागला तर पोरं खो-खो हसली आणि दुसऱ्याच फेरीत तो मेला. कुठं चुकलं? (गंगापूर रोड, नाशिक)

मित्रा, माझा पहिला खलनायक याहून वाईट मेला. मी पडलो नाटकवाला. त्याच्यासाठी बारा मिनिटांचं स्वगत लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. रविवारी तिसऱ्या वाक्यालाच आमच्यातल्या बँकेतल्या काकू (त्यांचं पात्र पुजारीण होतं) शांतपणे म्हणाल्या, ‘मी सायलेन्स टाकते.’ हा मंत्र पडला की वीस फुटांच्या घेरात कुणाचाच आवाज फुटत नाही. माझा महाखलनायक नुसते ओठ हलवत राहिला आणि काकूंनी आणखी पोहे वाढून घेतले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

तुझी चार पानं कुणी वाचली? तू. पोरांना तो माणूस पहिल्यांदा दिसला तो थेट मरायच्या दिवशी. अनोळखी माणूस झगा घालून मोठमोठ्यानं बोलायला लागला तर रविवार कारंजावरसुद्धा लोक हसतीलच. आणि त्याला जग राख करायचंय म्हणतोस, तर मग राख झाल्यावर तो राहणार कुठं आणि जेवणार काय? ज्याला उद्याची भाकरी नको, त्याची भीती वाटत नाही, कारण त्याच्याशी आपली कुठं गाठच पडत नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन पांडवलेण्यावर जा. चढ दमवतो, पण वर गेल्यावर दोन लेणी नीट बघ. दहा नंबरच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात स्वतःच्या कामांचा पाढा वाचतो. तीन लाख गायी दान दिल्या. नद्यांवर लोकांना फुकट पार करायला होड्या ठेवल्या. वाटसरूंसाठी निवारे बांधले. विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली, तिच्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा कपड्यालत्त्याचा खर्च. आपल्या एफडीसारखंच की. माणूस भला वाटतो ना? मग तीन नंबरच्या लेण्यात ये. तिथं गौतमी बलश्री आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्याबद्दल कोरून ठेवते की त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. त्याच लेखात ती असंही म्हणते की अपराधी शत्रूचासुद्धा जीव घेणं त्याला आवडत नसे. आई आहे शेवटी.

दोन्ही लेख एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर. दोघांनी भिक्षूंनाच दान दिलंय. यात वाईट कोण हे ठरवायचं काम माझं नाही. पण सूत्रधार म्हणून मी त्या डोंगरावरून एक गोष्ट उतरवून आणली. खलनायकाचाही स्वतःचा शिलालेख असतो. आपण काय चांगलं केलं ते त्यानं स्वतः लिहिलेलं असतं आणि पंचाईत अशी की ते खोटं नसतं. तेव्हा चार पानं फाड आणि चार ओळींचा लेख लिही. तो पोरांना पहिल्याच सेशनमध्ये भेटू दे, पण दगडावर नको. त्यांना नदी ओलांडायची आहे, नावाडी नेतो, पैसे विचारले तर म्हणतो, ‘छे, मालकांनी फुकट ठेवलीय.’ आता मालक नावाचा माणूस पोरांच्या खिशात शिरला. त्यांनी त्याचं खाल्लंय.

जोगलटेंभी ठाऊक आहे का तुला? आपल्याच जिल्ह्यातलं गाव. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीनं आपला ठसा मारून घेतलेला. खालून जुना चेहरा डोकावतोय आणि वर नवं चिन्ह. माझ्या खेळात मी हे जसंच्या तसं उचललं. गावात दोन ठशांची नाणी फिरतात आणि एक म्हातारा दुकानदार फक्त जुना चेहरा दिसणारी नाणी घेतो. का घेतो, हे विचारायला पोरं तीन सेशन त्याच्या मागे फिरली. मी एक शब्दही आधी लिहिलेला नव्हता.

माझी आजवरची सगळ्यात चांगली खलनायिका म्हणजे आक्कासाहेब. नदीच्या वरच्या अंगाला धरण, किल्ली तिच्या कमरेला. तिच्या सात गावांत बारमाही पाणी, लग्नाला मांडव ती घालणार, पोरांची नावं ती ठेवणार. खालच्या अंगाच्या गावांत विहिरी कोरड्या. आपल्याकडे वरच्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशकात काय वातावरण असतं ते तुला सांगायला नको, मी ते फक्त तलवारी-मंत्रांच्या जगात नेलं. खेळाडू आधी तिच्या ओसरीवर जेवले. बाजरीची भाकरी, ठेचा, वर दही. निघताना तिनं प्रत्येकाला विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ आणि उत्तरं लक्षात ठेवली. तिसऱ्या सेशनला ते खालच्या गावात पोचले आणि तळाला भेगा पडलेली विहीर बघितली. त्या दिवशी दोन तास कुणी फासा उचलला नाही, नुसती भांडणं. काकू म्हणाल्या, ती आपल्या लोकांचं बघते, यात गैर काय? भाचीनं शेवटी रात्री जाऊन दरवाजे उघडले. पाणी सुटलं आणि धरणाच्या पायथ्याशी असलेलं आक्काच्याच सातांपैकी एक गाव वाहून गेलं. त्या गावासाठी राक्षस कोण? आक्का तर मदतीला गेली होती.

आता लढाईचं गणित, कारण ते तुझ्या पत्रात कुठंच नाही. तुझा खलनायक एकटा आणि पोरं चार. तो एकदा मारतो तेवढ्यात त्याला चार वेळा बसतं. दुसऱ्या फेरीत मेला यात नवल नाही, कुणीही मेला असता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये म्हणूनच मोठ्या राक्षसांना लेजंडरी ॲक्शन असतात, म्हणजे दुसऱ्यांचा डाव संपल्या संपल्या ते मध्येच काहीतरी करून घेतात, साधारण फेरीत तीनदा. ते वापर, किंवा त्याच्याबरोबर माणसं ठेव. आणि पळून जायची एक वाट ठेव. एक करायचं नाही : पोरांनी खरंच फासे टाकून त्याला पकडलं, तर त्याला जादूनं गायब करायचं नाही. पोरं एकदा माफ करतात, दुसऱ्यांदा मोबाइल काढून बसतात.

प्रश्न : मी सटाण्याची. नोकरीला नाशिकला आहे, शनिवारी एका ग्रुपमध्ये खेळायला जाते. आमचा डीएम तसा चांगला आहे, पण त्याचे गॉब्लिन (बुटके राक्षस), चोर, मठ्ठ पहारेकरी सगळे अहिराणी बोलतात. राजा, जादूगार, पुजारी मात्र पुस्तकी मराठीत. सगळे हसतात, मीही हसते. घरी आल्यावर आईचा फोन आला की कसंसंच होतं. बोलू का? ‘हिला गंमत कळत नाही’ म्हणतील अशी भीती वाटते.

बोला ताई. आणि त्याला रागानं बोलायची गरज नाही, कारण त्यानं हे वाईट मनानं केलं नसणार. त्यानं ते नाटकातून उचललंय आणि नाटकात ते आमच्यासारख्यांनी घातलंय. एका स्पर्धेत मला नोकराचं काम होतं. दिग्दर्शक म्हणाले, ‘जरा गावाकडचं बोल, चार हशे जास्त मिळतील.’ बोललो. सहा मिळाले. गावाकडचं म्हणजे कुठल्या गावाकडचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्या रांगेत कोण बसलंय हे तर मुळीच बघितलं नाही.

एक मात्र करू नका. ‘अहिराणी बंद कर’ असं म्हणू नका. बंद केली तर टेबलावर फक्त सदाशिव पेठ उरेल आणि तुमची आई कायमची खेळाबाहेर जाईल. त्याला म्हणा, राजाला अहिराणी बोलायला लाव. त्याला येत नसेल तर तुम्हीच एक पात्र चालवायला मागा. आमच्या गच्चीवर हा प्रयोग मालेगावच्या एका पोरानं केला. त्याची ग्रंथपाल म्हातारी, तीनशे वर्षं जगलेली, जगातल्या सगळ्या मेलेल्या भाषा वाचू शकणारी. नायक आत शिरले तर तिनं मानही वर न करता विचारलं, ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ पाच मिनिटं सगळे हसले, मीही. मग तिनं ते कातड्याचं भेंडोळं उलगडलं, जे दोन महिने कुणाला वाचता आलं नव्हतं, आणि वाचायला लागली. त्यानंतर तिच्यासमोर कुणी खुर्चीत नीट बसल्याशिवाय बोललं नाही.

तुमच्या पत्रानंतर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षांतली नावं असलेली वाईट पात्रं तेवीस. त्यातली अकरा लंगडी, काणी, कुबडी किंवा तोंडावर व्रण असलेली. चांगल्या पात्रांत असं एक, तेही ज्ञानी आंधळा. तीन तृतीयपंथी पात्रं आली, तिन्ही बाजारात, तिन्ही टाळ्या वाजवून गेली, एकालाही नाव नाही. सावकारांची आडनावं बघितली तर माझीच मला लाज वाटली, त्यामुळे ती इथं लिहीत नाही. माझ्या कारखान्यात कुणी असा लॉट पाठवला असता तर मी अख्खा परत केला असता.

व्रणाबद्दल एक. आपल्या गावाचं नावच, लोक सांगतात, कापलेल्या नाकावरून पडलं. पंचवटीत लहानपणापासून ती गोष्ट ऐकली, आणि शूर्पणखेचं चित्र म्हटलं की नाक नसलेलीच बाई डोळ्यांपुढे येते, जणू ती जन्मलीच तशी. पण ते तिला एका विशिष्ट दिवशी झालं. ‘त्या दिवसाच्या आदल्या दिवशी ती काय करत होती?’ असं भाचीनं एकदा विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हल्ली कुठल्याही पात्राच्या तोंडावर व्रण लिहिताना मी समासात तारीख लिहितो. तारीख सुचली नाही तर व्रण खोडतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला एक जण व्हीलचेअर वापरतो. त्याचं पात्रही व्हीलचेअरवर असावं असं आम्हाला वाटतं. पण भुयारात पायऱ्या असतात, तिथं काय करायचं? (सिडको)

पायऱ्या तुम्हीच कागदावर काढल्यात की! खोडा. भुयारात ड्रॅगन मावतो, मग उतार का मावत नाही? काळाराम मंदिर मी बांधलेलं नाही, तिथल्या पायऱ्यांपुढे माझा इलाज नाही. पण तुमचं भुयार तुमच्या हातातलं आहे. नियम हवेच असतील तर २०२० साली सारा थॉम्प्सन यांनी लढाऊ व्हीलचेअरचे नियम लिहून सगळ्यांसाठी फुकट खुले केले, ते शोधा. त्यावर तेव्हा बराच गदारोळही झाला. ज्या खेळात माणूस घुबड होऊन उडतो तिथं चाकांची खुर्ची अनेकांना अशक्य वाटली.

पण मला तुमच्या पत्रात दुसरंच खटकलं. ‘आम्हाला वाटतं’ असं लिहिलंय. त्याला काय वाटतं? आमच्यातला एक जण लहानपणच्या पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावतो. त्याला मी मोठ्या कौतुकानं कुबडीवाला योद्धा लिहून दिला. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, ‘सर, रविवारी चार तास तरी मला पळू द्या.’ त्यानं डोंगरी दरोडेखोर घेतला, जो छपरांवरून उड्या मारत जातो. दुसरीकडे, भाचीची एक मैत्रीण कानानं अधू, तिला तिच्यासारखीच नायिका हवी होती आणि तिनं ती काय सुरेख चालवली, ओठ वाचून शत्रूचा बेत फोडला. दोघांचं दोन तऱ्हेचं. विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची. सोसायटीतल्या मुलांबरोबर हा खेळ खेळते. परवा रडत आली. गोष्टीतल्या खलनायकानं गावातल्या एका मुलीवर जे केलं ते सूत्रधार मुलानं तपशिलात सांगितलं. ती थांब म्हणाली तर म्हणे, ‘तो व्हिलन आहे, मग काय आरती करेल?’ खेळ बंद करू का? (इंदिरानगर)

खेळ बंद करू नका ताई, पण तो डाव बंद करा. आणि मुलीला सांगा की थांब म्हणाली ते बरोबर केलं.

त्या मुलाला जे कळलं नाही ते असं. खलनायक क्रूर असतो, पण सूत्रधाराला ती क्रूरता समोर बसलेल्यांना भोगायला लावायचा परवाना मिळत नाही. आम्ही नाटकात मारामारी करतो तेव्हा तलवार पोटाच्या वीतभर बाजूनं जाते, म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होतो. या खेळात त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पहिल्या डावाच्या आधी एक बैठक घ्यायची, तिला सेशन झीरो म्हणतात. तिथं प्रत्येकानं सांगायचं, कुठला विषय आपल्या गोष्टीत अजिबात नको आणि कुठला आला तर पडद्याआड राहू दे. लाइन्स आणि व्हेल्स म्हणतात याला. आमच्याकडे कागद फिरतो, नाव न घालता लिहायचं, कारण तोंडानं सांगणं अवघड असतं. दुसरं एक्स-कार्ड, जॉन स्टाव्रोपोलोस यांनी २०१३ साली मांडलेलं. पोस्टकार्डाच्या तुकड्यावर एक फुली मारून टेबलाच्या मध्यावर ठेवायची. कुणीही बोट ठेवलं की ते दृश्य तिथंच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. हे ‘विचारायचं नाही’ सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याकडे सगळ्यात अवघड.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. २०१९ मध्ये मी एक सावकार रचला होता, लासलगावच्या कांद्याच्या बाजारासारखा बाजार, भाव पडलेला, आणि एका शेतकऱ्याच्या घरी काय घडलं ते मी माझ्या रंगमंचावरच्या आवाजात, सावकाश, थांबत थांबत सांगितलं. मला वाटलं, वा, गच्ची कशी गप्प झालीय. निफाडकडचा एक मुलगा पाणी प्यायला म्हणून खाली गेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बायको वर आली आणि मला म्हणाली, ‘तो जिन्यात बसलाय.’ त्याच्या काकाचं तसंच झालं होतं. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. विचारलंही नव्हतं, हेही खरं. तो परत खेळायला आला, दोन महिन्यांनी. फुलीचं कार्ड त्या दिवसापासून टेबलावर आहे. आजवर चारदा कुणी बोट ठेवलं. एकदा ते बोट माझंच होतं.

आणि त्या सोसायटीतल्या मुलाला एवढं विचारा, गोष्टीतल्या त्या मुलीचं नाव काय होतं? मला खात्री आहे, त्यानं ठेवलेलं नसणार. ज्या पात्राला नाव नाही आणि स्वतःचं काही हवं-नको नाही, ते फक्त खलनायकाची वाईटपणाची पावती म्हणून आलेलं असतं. आमच्याकडे आता नियम आहे, ज्याच्यावर काही वाईट गुदरणार आहे त्याचं नाव, धंदा आणि आज संध्याकाळी त्याला काय करायचं होतं, एवढं आधी लिहायचं. लिहून झालं की निम्म्या वेळा ते दृश्य करावंसंच वाटत नाही.

प्रश्न : पूर्वी ऑर्क (खेळातले टोळीवाले राक्षस) म्हणजे वाईट, दिसला की मारायचा, सोपं होतं. आता म्हणे ऑर्कसुद्धा चांगले. सगळेच चांगले तर लढायचं कुणाशी? (सिन्नर)

पुस्तकं बदलली हे खरं. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ (वंश) हा शब्द काढून ‘स्पीशीज’ (प्रजाती) घातलाय, आणि ऑर्क तर खेळाडूंना स्वतःलाच घेता येतो. बऱ्याच जुन्या खेळाडूंना हे नाजूकपणाचं वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याचं कारण अमेरिकेतलं नाही. जन्मल्याबरोबर गुन्हेगार ठरवायचा खेळ इंग्रजांनी या देशात खऱ्या माणसांशी खेळून झालाय. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात नोंदवायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही. तो कायदा रद्द झाला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला तरी चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर गाडी जाते ते तुम्हीही बघितलं असेल. त्यामुळे ‘तो अमुक जातीचा, दिसला की मार’ हे माझ्या तोंडून टेबलावरसुद्धा निघत नाही.

लढायचं कुणाशी? ज्यानं काहीतरी ठरवलंय त्याच्याशी. पूल जाळणारा ऑर्क आहे, त्याच्याशी लढा ना, खुशाल लढा. त्याच टोळीतला दुसरा पूल जाळायला नको म्हणाला होता, त्याला हुडका, तो तुम्हाला मागची वाट दाखवेल. यानं लढाया कमी होत नाहीत, उलट आमच्याकडे वाढल्या, कारण आता दोन्हीकडून कुणीतरी फितूर होऊ शकतं.

आणि कुणी मला लिहिलं होतं की खलनायक माणूसच असायला हवा का, रूढी असली तर चालेल का? त्या पत्रावर पत्ता नव्हता, म्हणून इथंच उरकतो. चालेल, पण तिच्या हातात किल्ली द्या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दरवाजे बंद होते. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसं उभी होती, आणि हे पुढे पाच वर्षं चाललं. अडवत होती ती रूढी, मान्य. पण दरवाजा आपोआप बंद होत नाही. कडी कुणीतरी माणूस लावतो, घरी जाऊन जेवतो, सकाळी पुन्हा येतो. तुमच्या गोष्टीत त्या माणसाला घ्या, त्याच्या घरचं जेवणही घ्या.

प्रश्न : सर, फासे कुठं मिळतील? आमच्या गावात मिळत नाहीत आणि ऑनलाइन महाग पडतात. नियमांचं पुस्तकही परवडत नाही. (शाळेतला वाचक, कळवण)

बाळा, पुस्तक घेऊ नकोस. मूळ नियमांचा बराच भाग २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, फुकट उतरवून घेता येतो. ‘एसआरडी’ असं शोध. इंग्रजी अवघड गेलं तर सरांना सांग, नाहीतर मला लिही.

फाशांसाठी चिंचोके घे. वीस, होता होईल तेवढे एकसारखे. एका बाजूनं फरशीवर घास, पांढरी बाजू निघाली की पेननं १ ते २० आकडे घाल. बायकोच्या जुन्या पितळी डब्यात आम्हीही सहा महिने असंच खेळलोय. न बघता एक काढायचा, आकडा सगळ्यांना दाखवायचा आणि परत डब्यात टाकून डबा हलवायचा. परत टाकायला विसरू नकोस, नाहीतर प्रत्येक आकडा यायची शक्यता वीसात एक राहत नाही, आणि आमच्या काकूंसारखं कुणी असेल तर कुठले आकडे संपले ते लक्षात ठेवून मगच मंत्र टाकेल.